खंडेनवमीची मोटार

बाईमाणसानं लोखंडाला हात लावू नये असं मला ज्या ज्या लोकांनी ऐकवलं, त्यांच्या घरचे विळे आणि खुरपी माझ्या आईच्या घणाखालून गेलेली होती. माझं माहेर गारगोटीचं, जातीनं लोहार. बाप सांडशीत तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा, आई घण मारायची आणि मी भाता ओढायची. बाजाराच्या दिवशी आईचा घण सकाळपासून थांबत नसे, आणि तेव्हा तिचं बाईपण कुणाच्या ध्यानात येत नसे. कुणब्याला नांगराचा फाळ धारेला लागून मिळाला की काम झालं.

लग्न होऊन कोडोलीला आले तर तिथंही भट्टीच. पण आमच्या ह्यांचं थोरल्या भावाशी पटेना. भट्टी भावाची, गिऱ्हाईक भावाचं, आणि राबायला हे. एक दिवस ताटावरून उठून हे कोल्हापुरात आले आणि एका जहागीरदारांच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायला लागले. पुढं जहागीरदारांचे चिरंजीव, ज्यांना सगळे धाकटे सरकार म्हणत, त्यांनी मोटार घेतली. तेव्हा हे घोड्यांकडून मोटारीकडं सरकले, चालवायला शिकले, आणि पागेच्या अंगाला दोन खोल्या आणि एक अंगण मिळालं तसं मला आणि सासूबाईंना घेऊन आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. कोडोलीला जन्मभर घण मारून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आला होता. पण कोल्हापुरात पाऊल टाकल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, "आता आपुन डायवरची माणसं. लोखंडाचं नाव काढायचं न्हाय." मला हसू यायचं. ड्रायव्हर काय लाकडाची मोटार चालवतो?

तेव्हा इथं महाराजांचं राज्य होतं आणि विलायतेकडची मोठी लढाई नुकतीच संपली होती. मोटारीची नवलाई कोल्हापुराला राहिली नव्हती, पण आमच्या धाकट्या सरकारांची मोटार निराळीच होती. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली, शर्यतीची. बसायला दोनच जागा, वर टप नाही, पुढं इंजिनाचं लांबलचक नाक आणि त्या नाकावर कातड्याचा पट्टा आवळलेला. ती एरंडेल प्यायची. म्हणजे खरोखरच, इंजिनाला एरंडेलच लागायचं. ज्या एरंडेलाचं नाव काढलं की पोरं माळ्यावर जाऊन लपायची, ते ही मोटार डबाच्या डबा रिचवायची, आणि ती गल्लीतून गेली की मागं जो वास सुटायचा त्यानं निम्म्या गल्लीचं पोट साफ व्हायचं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी सरकारांनी एका दोस्ताशी पैज लावली, की न थांबता पन्हाळ्याचा घाट चढून दाखवतो. जागा दोनच, दुसरीवर दोस्त बसला, त्यामुळे ह्यांना बरोबर नेलं नाही. घाटात इंजिन ठोके द्यायला लागलं. शहाणा माणूस थांबला असता, पण पैज होती. मोटार वर पोचली आणि खाली आली ती बैल जुंपून. दुसऱ्या दिवशी ठोका कुठून येतो ते ऐकावं म्हणून ह्यांनी पुढं उभं राहून हँडल मारलं. सरकार स्टिअरिंगच्या चक्रापाशी बसून ठिणगीची वेळ ठरवणारी खुंटी पुढंमागं करत होते. हँडल उलटं फिरलं आणि ह्यांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला आणि जपायला सांगितलं.

तो बांधलेला हात गळ्यात अडकवून हे घरी आले, त्याच दिवशी पाठोपाठ दिवाणजी आले. वाड्याचा सगळा कारभार त्यांच्या हाती. दारातूनच म्हणाले, "तेल घालायला विसरलास आणि सरकारांची मोटार जाळलीस. पुण्याचा एक ड्रायव्हर तयार आहे. पण सरकार दयाळू. खंडेनवमीला वाड्यात शस्त्रांबरोबर मोटारीची पूजा व्हायची आहे. त्या दिवशी ती स्वतःच्या बळावर चालत दारात आली तर राहा. नाहीतर खोल्या रिकाम्या कर."

घाटात तेल संपेपर्यंत मोटार कुणी पळवली हे दिवाणजींना ठाऊक होतं. ह्यांनाही ठाऊक होतं. बोलायची सोय नव्हती.

दिवाणजी गेल्यावर हे म्हणाले, "जाऊ कोडोलीला. दादा काय हाकलून लावणार न्हाय."

दादा हाकलणार नाही हेच मला नको होतं. आम्ही निघालो तेव्हा दीर शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर म्हणाले होते, "चार दिसांत शेपूट घालून येत्यात बघा." ते वाक्य मी कोल्हापुरात रोज सकाळी चूल पेटवताना आठवायची. मी ह्यांना सांगितलं, "तुम्ही जावा. मी न्हाय यायची. हितंच कुनाच्या तरी दारात भांडी घाशीन, पर त्यांच्या भात्याला हात लावनार न्हाय."

"मग काय करू? एका हातानं इंजन खोलू?"

"एक तुमचा हाय. दोन माझं हायत."

दसऱ्यासाठी पाहुण्यांचे घोडे आल्यामुळे पागा भरली होती. त्यामुळे मोटार आमच्याच अंगणात ढकलून आणून ठेवली होती, आणि अंगणाला चारी बाजूंनी भिंत होती. नशीब म्हणतात ते हेच. दार लावलं की आत मी काय करते ते कुणाला दिसणार नव्हतं.

हे बाजेवर बसून सांगायचे आणि मी खोलायची. आधी नाकावरचा पट्टा सोडला, वरचं पत्र्याचं झाकण काढलं. मग खाली चर खणून मी मोटारीखाली उताणी पडले आणि इंजिनाच्या पोटाखाली जी तेलाची परात असते ती सोडवली. जळक्या एरंडेलाचा काळा रेंदा तोंडावर आला. तेलात पांढऱ्या धातूचे चकचकीत तुकडे होते. हे म्हणाले, "बेरिंगं गेली." इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ज्या दांड्यानं फिरता आस ओढतो, त्या दांड्याच्या टोकाला आतून पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. तेच वितळून वाहून गेलं होतं. ते दांडे काढायचे तर वरचा सिलिंडरचा जड ठोकळा उचलायला हवा. त्यासाठी मी अंगणातल्या चिंचेच्या फांदीला विहिरीचा रहाट टांगला, दोर घातला आणि ओढला. ठोकळा हलला तेव्हा मला माझी आई आठवली, आणि तिला हे बघायला मिळालं नाही याचं फार वाईट वाटलं.

काढलेला एकेक भाग मी घरातल्या भांड्यांत मांडत गेले. पहिल्या दट्ट्याचे नट काटवटीत, दुसऱ्याचे परातीत, तिसऱ्याचे भाकरीच्या टोपलीत. भाकऱ्या मग केळीच्या पानावर ठेवायच्या. आत्याबाईंनी हे पाहिलं आणि त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या. माझ्या हाताला एरंडेलाचा वास येतो म्हणून माझ्या हातचं जेवायच्याही थांबल्या. वेगळी चूल मांडून भात शिजवायच्या आणि चुलीला सांगितल्यासारखं मला सांगायच्या, "वाड्यात कळलं तर डायवरची बायकू लोहारीन निगाली म्हनत्याल."

मी म्हटलं, "निगाली कशाला? हायच की."

अस्तराचा धातू ओतायचा प्रश्न होता. गल्लीच्या टोकाला एक कल्हईवाले चाचा राहत. भांड्यांना कथील लावण्यात हयात गेलेली. मी एक दांडा पदराखाली झाकून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "बेटी, मोटारीतलं मला काय समजत न्हाय. पर ही वाटी हाय आन् हिला आतनं कल्हई पायजे, येवढं समजतंय." त्यांनी नवसागर आणला, आमच्या अंगणात शेगडी मांडली. जुनं अस्तर खरवडून काढलेलं आणि त्यात त्यांच्याकडचं नवं कथील असं मी वितळवलं. आधी त्यांनी वाटीला आतून कल्हई धरवली, मग मधोमध लाकडी ठोंब्या उभा करून मी कडेनं धातू ओतला. पहिला ओत फसला. ठोंब्या ओला होता, धातू तडतडून उडाला आणि अस्तराला भोकाभोकांची जाळी धरली. चाचा हसले आणि त्यांनी दुसऱ्या वेळी ठोंब्या आधी उन्हात आणि मग शेगडीवर वाळवायला लावला. दुसरा ओत गुळाच्या ढेपेसारखा भरून बसला.

खरं काम त्यापुढचं. ओतलेलं अस्तर आसाला तंतोतंत बसायला हवं, केसाचाही फरक चालत नाही. हे म्हणाले, कंपनीचे कारागीर आसाला निळा रंग लावतात, वाटी बसवून फिरवतात, रंग जिथं उठेल तिथं खरवडतात. निळा रंग कुठून आणायचा? मी आत्याबाईंची काजळाची डबी घेतली. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, लोण्यात कालवलेलं. आसाला बोटानं पातळ काजळ लावायचं, वाटी बसवून अर्धा फेरा द्यायचा, उघडायचं. जिथं काळा डाग तिथं धातू उंच. तो खरवडायला मी जुनी कानस तापवून वाकवली आणि पाजवून घेतली. लावायचं, फिरवायचं, खरवडायचं, पुन्हा लावायचं. घटस्थापनेला बसले ती घटावर रोजची माळ चढत गेली तरी मी तिथंच. बोटांची सालटं गेली. एका जागी डाग दिसायचा तो हळूहळू दोन जागी, मग चार जागी, आणि अखेर सगळ्या वाटीभर बारीक बारीक काळे ठिपके सारखे उठले. मी ती वाटी ह्यांच्या पुढ्यात धरली. ह्यांनी ती उजेडाकडं करून कितीतरी वेळ पाहिली आणि म्हणाले, "माझ्याच्यानं असं झालं नसतं." मला ते फार गोड लागलं, खोटं कशाला सांगू.

म्हणूनच अष्टमीला जे झालं त्यानं मी पेटले. दिवाणजी बघायला आले. कडी वाजली तशी मी आत गेले. हे इंजिनाशेजारी डाव्या हातात पाना धरून बसले. दिवाणजींनी विचारलं, "एका हातानं केलंस?"

"व्हय," हे म्हणाले.

दिवाणजी गेल्यावर मी बाहेर आले आणि दोन्ही हात ह्यांच्या तोंडापुढं धरले. "ह्ये कुनाचं हायत?"

हे खाली बघत म्हणाले, "आदी ऱ्हायला तर मिळू दे. मग सांगतो की."

मग म्हणजे कधी हे विचारायला मला फुरसत नव्हती, कारण सिलिंडर चढवायचा राहिला होता. पण राग गिळला नाही. तसाच ठेवून दिला.

नवमी उजाडली. इंजिन जोडून तयार होतं. ह्यांनी कार्बोरेटरच्या अंगाला पेट्रोलची वाटी असते तिचं झाकण उघडून पेट्रोल येतं का ते पाहिलं आणि पूजेच्या आधी अंघोळ करावी म्हणून मोरीत गेले. मी मागं पाणी तापवत होते. तेवढ्यात आत्याबाईंनी पूजा उरकली. लोहाराच्या घरात खंडेनवमी कशी टळेल? त्यांनी पाटावर खण अंथरला, त्यावर लोखंडी पाने, हातोडा, कानस, माझी वाकडी कानससुद्धा, ओळीनं मांडली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मग मोटारीपाशी जाऊन इंजिनावरही मोकळ्या हातानं हळदकुंकू आणि अक्षता टाकल्या. हे बाहेर आले, नमस्कार केला, पेट्रोलच्या वाटीचं उघडं राहिलेलं झाकण दाबून बसवलं.

हँडल मी मारणार म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठिव. मुठीत धरू नगंस. उलटं आलं तर हात सुटंल." त्यांनी खुंटी नीट मागं घेतली. मी हँडल खालून वर ओढलं. दुसऱ्याच झटक्याला इंजिन लागलं. ठोका नाही, काही नाही. ह्यांनी डोळे मिटले. आणि मोटार खोकली, अडखळली, बंद पडली. पुन्हा मारलं, पुन्हा लागलं, पुन्हा बंद.

ह्यांनी वाटीचं झाकण उघडलं. आतलं पेट्रोल गुलाबी झालं होतं आणि तळाशी तांदूळ होते.

आम्ही दोघांनी एकदमच आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांना कळलं. तोंडानं मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "देवाचं हाय त्ये. देवाचं कदी आडवं येत न्हाय."

तांदूळ काढायचा तर खालची चाकी, म्हणजे नट, सोडून पेट्रोलची बारीक नळी मोकळी करायला हवी. त्याला पाना हवा. पाना पाटावर, हळदीकुंकवात. लोहाराच्या घरात नवमीला पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. माझ्या बापानं कधी उचललं नाही. आत्याबाई उठल्या आणि पाटापुढं मांडी घालून बसल्या.

हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उद्या करू."

"उद्या दुसरा डायवर करंल," मी म्हटलं.

आत्याबाई म्हणाल्या, "नवमीला हत्यार उचललं तर घराचं वाटूळं हुतंय. माझ्या सासूनं सांगितलंय."

मी त्यांच्या समोर खाली बसले. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ देणार नव्हते. म्हटलं, "आत्याबाई, देवळात देवी आई उभी हाय, तिच्या हातात काय हाय? नवमीला तिनं हत्यार पाटावर ठिवलं असतं तर त्यो रेडा मेला असता व्हय?"

त्या पाटापुढून उठल्या नाहीत. मी त्यांच्या गुडघ्यावरून हात लांब केला आणि पाना उचलला. कुंकू माझ्या तळव्याला लागलं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी चाकी सोडली, वाटी धुतली, नळीत फुंकर मारली, अडकलेली कणी तोंडात आली ती थुंकली, आणि सगळं परत आवळलं. पुढच्या हँडलला इंजिन लागलं ते चालूच राहिलं.

गल्ली ओलांडली की वाडा. हे डाव्या हातानं चक्र धरून आणि उजव्या कोपरानं गिअरचा दांडा ढकलत मोटार घेऊन गेले. मी आणि आत्याबाई मागून चालत गेलो आणि बायकांत जाऊन उभ्या राहिलो. आत्याबाई माझ्याशी अजून बोलत नव्हत्या. तलवारी, भाले, बंदुका मांडलेल्या होत्या, त्यांच्या शेजारी मोटार उभी राहिली. पूजेत धूर नको म्हणून इंजिन बंद करायला लावलं. पूजा झाली, नारळ फुटला. धाकटे सरकार चष्मा चढवून मोटारीत बसले आणि नदीपर्यंत फेरी मारायची म्हणाले.

"हँडल मार," दिवाणजी ह्यांना म्हणाले.

हे पुढं झाले. डाव्या हातानं हँडल धरलं, जोर लावला, अर्धवट फिरून ते थांबलं. परत लावला. घोडे सांभाळणारी मोतद्दार मंडळी आजूबाजूला होती, पण ह्यांचं मनगट कशानं मोडलं ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे जो तो एकेक पाऊल मागं सरकला. दिवाणजी म्हणाले, "एका हातानं इंजिन जोडलंस ना? मग फिरव की एका हातानं."

मी पायरी उतरले. मागून कुणीतरी लुगडं घट्ट धरलं. आत्याबाई होत्या. मला वाटलं, आता इथं सगळ्यांदेखत मला ओढणार. झटका देऊन सुटायची मी तयारी केली होती. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "पदर खोच आदी. अडकंल त्यात." आणि त्यांनीच तो माझ्या कमरेला आवळून खोचला, घण मारायला उभी राहणारी बाई खोचते तसा.

मी चौकातून चालत गेले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हँडल सोडून बाजूला झाले. सरकारांना त्यांनी खुंटी मागं घ्यायला सांगितली. मी अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला आणि ओढलं. इंजिन लागलं. एरंडेलाचा वास वाड्याच्या चौकात भरला.

त्या आवाजात हे ओरडून म्हणाले, "सरकार, बेरिंगं हिनं वतली. हिनंच बसवली. मी नुसतं बाजंवर बसून सांगत हुतो."

सरकार हसले. दिवाणजी हसले नाहीत. पुढं येऊन म्हणाले, "बरं, मोटार चालली, तू राहा. पण बाई पुन्हा मोटारीजवळ दिसता कामा नये. वाड्याची अब्रू आहे."

आमचे हे जन्मभर मान खाली घालून बोलणारे. थोरल्या भावापुढंसुद्धा शब्द न बोलता ताटावरून उठून गेलेले. त्यांनी मान वर केली आणि दिवाणजींना म्हणाले, "मग मोटार बी चालताना दिसायची न्हाय, दिवाणजी."

दिवाणजींनी सरकारांकडं पाहिलं. सरकारांना नदीवर जायचं होतं. ते म्हणाले, "दोघंही राहू देत. चला, बस लवकर."

हे शेजारी चढून बसले आणि मोटार वेशीकडं गेली. तेल विसरल्याचा आळ कुणी कधी मागं घेतला नाही. दिवाणजी पुढंही मला पाहिलं की तोंड फिरवत, आणि मी मुद्दाम त्यांच्या वाटेवर उभी राहायची. त्या खोल्या आम्ही सोडल्या त्या पुष्कळ वर्षांनी, आणि त्याही आमच्या मर्जीनं.